कर्करुग्णांची कौटुंबिक शुश्रूषा

कर्करोग झालेल्या व्यक्तीची तिच्याच कुटुंबातील माणसांनी घरी, प्रवासात व रुग्णालयात केलेली विनावेतन देखभाल. ही देखभाल करणारी व्यक्ती बहुधा रुग्णाची पत्नी, पती, मुलगा, मुलगी, सून, आई वा भाऊ असते. प्रशिक्षित परिचारिकेप्रमाणे तिला कामाचे ठराविक तास नसतात, बदली मिळत नाही आणि कामाचे शिक्षणही कोणी दिलेले नसते. रुग्णालयाच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘नातेवाईक’ किंवा ‘सोबतची व्यक्ती’ एवढाच होतो. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणे, रक्ताची व्यवस्था करणे, पैसे भरणे आणि बाहेर बसून राहणे ही तिची कामे मानली जातात. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सु. १४ लाख नवे रुग्ण आढळले असावेत, असा अंदाज आहे. तेवढ्याच कुटुंबांत निदान एका माणसाचे आयुष्य त्या वर्षी या कामाला जुंपले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. या माणसाचे स्वास्थ्य आणि त्याच्या गरजा यांचा विचार वैद्यकात बराच उशिरा, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला.

पूर्वी रोगाचे निदान बहुधा उशिरा होई आणि त्यानंतरचा काळ थोडा असे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व रासायनी चिकित्सा यांत प्रगती झाली तशी रुग्णांची आयुर्मर्यादा वाढली. परंतु त्याबरोबर आजारपणही लांबले. याच काळात रुग्णालयातील मुक्काम मात्र आखडत गेला. पूर्वी खाटेवर ठेवून देण्यात येणारी औषधे आता ‘डे केअर’ विभागात काही तासांत देऊन रुग्णास त्याच दिवशी घरी धाडण्यात येते. शस्त्रक्रियेनंतर टाके काढण्यापूर्वीच, नळ्या व पिशव्यांसह, रुग्ण घरी येतो. यामुळे खाटा मोकळ्या होतात व अधिक रुग्णांवर उपचार करता येतात हे खरे. तथापि जे काम परिचारिका करीत असे, ते नाहीसे झालेले नाही. ते घरातील माणसाकडे आले आहे, आणि हे स्थलांतर कोणत्याही हिशेबात नोंदले जात नाही.

प्रवास आणि मुक्काम : या कामाचे स्वरूप रुग्णाच्या गावावर फार अवलंबून असते. मराठवाड्यातील हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. परिसर शेतीचा आहे. सोयाबीन, कापूस, ऊस आणि विशेषेकरून हळद ही येथील पिके. येथील एखाद्या शेतकऱ्यास तोंडाचा कर्करोग झाला, आणि तंबाखू व सुपारीच्या सवयीमुळे हा रोग महाराष्ट्रातील पुरुषांत फार आढळतो, तर प्राथमिक तपासणी वसमत, परभणी वा नांदेड येथे होते. पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. पहिले ठिकाण सु. २०० किमी.वर, तर दुसरे परभणीहून रेल्वेने सु. ५५० किमी.वर आहे. संभाजीनगरचे रुग्णालय २०१२ साली सुरू झाले, तेव्हापासून मराठवाड्यातील कुटुंबांची मुंबईची फेरी पुष्कळ अंशी वाचली. मात्र ती सर्वांचीच वाचली असे नाही.

तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार (खेड्यांतील बोलीत ‘शेक’) आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालतात. प्रत्येक वेळचा प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचाच असतो; पण त्यासाठी दररोज रुग्णालयात हजर राहावे लागते आणि रोज गावी जाऊन येणे शक्य नसते. परिणामी दोन माणसे जवळजवळ दोन महिने परगावी अडकून पडतात. हे दोन महिने माघ-फाल्गुनात आले, तर शेतात हळद काढणीला आलेली असते. काढणी, शिजवणे, वाळवणे व घोळणे ही कामे एकामागून एक करावी लागतात व त्यांत खंड पडून चालत नाही. घरातील एक कर्ता आजारी आणि दुसरा त्याच्या सोबतीला, अशा वेळी पीक मजुरीने काढावे लागते किंवा उभे पीकच विकावे लागते. उपचार मोफत असले तरी आजारपणाचा खर्च होतोच, तो असा.

प्रवासात काही सवलती आहेत. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ असते व त्याच्या एका सोबत्यास त्याच श्रेणीत ७५ टक्के सूट मिळते. यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. पहिल्या फेरीच्या वेळी ते हाती नसल्यामुळे ती फेरी बहुधा पूर्ण भाड्याने होते. राज्य परिवहन मंडळाच्या गाड्यांतून स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे भाडे पडते. ही योजना कर्करुग्णांसाठी आखलेली नाही. परंतु वरचेवर तपासणीसाठी जाणाऱ्या सासू-सुनेला किंवा मायलेकींना तिचा उपयोग बराच होतो.

मुंबईतील मुक्कामाचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या स्थापनेमागेही एका कुटुंबाचे दुःख आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्यूकेमियाने वारल्या व पुढील वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांचेही निधन झाले; दोराबजींनी मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. येथे देशभरातून रुग्ण येतात. खाट मिळेपर्यंत, तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत व बाह्यरुग्ण म्हणून उपचार चालू असेपर्यंत त्यांना व त्यांच्या आप्तांना कोठेतरी राहावे लागते. रुग्णालयालगतच्या रस्त्यांच्या पदपथांवर पथाऱ्या टाकून, वर ताडपत्री बांधून राहिलेली कुटुंबे हे परळचे कित्येक वर्षांचे दृश्य आहे. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळ येथे १९६८ पासून काम करणारी नाना पालकर स्मृती समिती यांनी अशा हजारो कुटुंबांना अल्प दरात आसरा दिला आहे. कर्करोग झालेल्या लहान मुलांना त्यांच्या आईवडिलांसह राहता यावे यासाठी सेंट ज्यूड्स ही संस्था २००६ पासून निवासकेंद्रे चालविते. धर्मशाळेचा उपयोग केवळ छपरापुरता नसतो. शेजारच्या खोलीतील बाई नळीतून पेज कशी घालावी हे दाखविते, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे दुसरा कोणी सांगतो, आणि सात आठवडे पार पाडलेले कुटुंब नव्याने आलेल्यांना धीर देते. आधारगट म्हणून पाश्चात्त्य देशांत जे रीतसर चालविले जाते, ते येथे चुलीभोवती आपोआप घडत आले आहे.

शुश्रूषेचा भार कोणावर : रुग्णालयात सोबत जाणारा व घरी शुश्रूषा करणारा ही बहुधा दोन निरनिराळी माणसे असतात. डॉक्टरांशी बोलणे, कागदपत्रे आणि पैसा ही कामे मुलगा वा भाऊ करतो. न्हाऊ घालणे, भरवणे, कपडे धुणे व रात्र जागून काढणे ही पत्नी, सून वा मुलगी करते. डॉक्टरांनी दिलेल्या सूचना पहिल्याच्या कानी पडतात आणि त्या अमलात दुसरीने आणावयाच्या असतात. मध्ये बरेच काही गळते. म्हणून घरी जो हात लावणार आहे त्यालाच समोर बोलावून सूचना द्याव्यात, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. अगदी साधी अशी ही गोष्ट व्यवहारात क्वचितच पाळली जाते.

स्त्री स्वतः आजारी पडते तेव्हा प्रश्न आणखी अवघड होतो. घरातील शुश्रूषेचे काम जिच्याकडे असते तीच खाटेवर पडलेली असते. अशा घरात शाळेत जाणाऱ्या मुलीवर स्वयंपाक, धाकटी भावंडे व आईची सेवा यांचा भार येतो आणि तिचे शिक्षण थांबण्याची भीती असते. गर्भाशयमुखाच्या व स्तनाच्या कर्करोगात रुग्णस्त्रीला माहेरी पाठविण्याची रीतही अनेक ठिकाणी दिसते; मग शुश्रूषा वृद्ध आईच्या वाट्यास येते. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवणारी भारतातील पहिली नोंदणी बार्शी (जि. सोलापूर) येथे १९८७ साली सुरू झाली. त्या नोंदणीमुळे खेड्यांतील स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती मोठे आहे हे कळले. रुग्णाची अशी मोजदाद झाली. त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाची नोंद ठेवणारे असे एकही दप्तर नाही.

घरातील शुश्रूषा : कर्करुग्णाच्या शुश्रूषेत कौशल्याची अनेक कामे असतात. तोंडाच्या कर्करोगात नाकातून घातलेल्या नळीवाटे दिवसातून सहा-सात वेळा पातळ अन्न द्यावे लागते. त्या वेळी रुग्णास बसते करणे, अन्न गाळून घेणे व नंतर पाणी घालून नळी साफ करणे आवश्यक असते. श्वासनलिकेस छिद्र पाडले असल्यास तेथील नळी स्वच्छ ठेवावी लागते. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी असेल, तर तिच्याभोवतालची कातडी जपावी लागते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर शय्याव्रण होतात. रासायनी चिकित्सेनंतर सु. दोन दिवस रुग्णाची वांती, लघवी व शौच साफ करताना हातमोजे घालावेत, कारण त्यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो. ताप आल्यास, विशेषतः औषधानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, तो अंगावर न काढता तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात व साधा संसर्गही जीवघेणा ठरू शकतो. एवढी जोखमीची माहिती बहुतेक वेळा रुग्णालयातून निघण्याच्या गडबडीत, पाच मिनिटांत, तोंडी सांगितली जाते.

यांपैकी एका अडचणीचा वेगळा उल्लेख करावयास हवा, कारण तिच्याविषयी कुटुंबीय संकोचाने बोलत नाहीत. गालाच्या वा स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगात त्वचा फुटून जखम होते व तिला असह्य दुर्गंधी येते. घरची माणसे नाकाला पदर लावतात आणि त्याबद्दल स्वतःला दोष देत राहतात. रुग्ण ते पाहतो व तोंड भिंतीकडे फिरवून घेतो. येणारे जाणारे कमी होतात. ही दुर्गंधी जंतूंमुळे येते. जखम सलाइनने धुऊन तीवर मेट्रोनिडॅझोल या स्वस्त औषधाच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने टाकल्यास ती थोड्याच दिवसांत पुष्कळ कमी होते. चार-दोन रुपयांच्या गोळीने घराची दारे पुन्हा उघडतात. पण हे सांगणारा कोणी भेटावा लागतो.

कर्करोग हा स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा एकमेकांचे कपडे वापरल्याने होत नाही. बाहेरून किरणोपचार घेतलेल्या रुग्णाच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत, त्यामुळे मुलांना त्याच्याजवळ जाऊ देण्यास हरकत नसते. तरीही रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा ठेवण्याची चाल अद्याप आढळते आणि तिचा त्रास रुग्णाइतकाच त्याच्या पत्नीला होतो. तिच्या हातचे पाणी घेण्यासही लोक कचरतात.

वेदना व झोप : शुश्रूषा करणाऱ्याची सर्वांत मोठी तक्रार काय असते, असे विचारल्यास बहुधा ‘झोप नाही’ हेच उत्तर मिळते. रुग्ण कण्हत असताना शेजारी झोपणे अशक्य असते. म्हणून वेदनाशमन हा रुग्णाइतकाच आप्तांच्याही स्वास्थ्याचा प्रश्न आहे. तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे औषध गुणकारी असून त्याच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी देतात. रात्री निजताना दुप्पट मात्रा देऊन मधली मात्रा वगळण्याची पद्धत सर्वमान्य आहे. तिचा हेतू रुग्ण व त्याच्याजवळचा माणूस या दोघांना सलग झोप मिळावी हाच असतो. सोबत रेचक द्यावे लागते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदी व परवान्यांचे जंजाळ यांमुळे हे औषध मिळणे पुढे फार दुरापास्त झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक अंमली औषधांसाठी परवान्याची पद्धत सुटसुटीत करण्यात आली. एवढे होऊनही ते मोठ्या शहरांतील ठराविक रुग्णालयांतच सहजी मिळते. हट्ट्यासारख्या गावातील मुलास दर महिन्याला वडिलांच्या गोळ्या आणण्याकरिता एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याबाहेर जावे लागणे, हे याचे प्रत्यक्ष रूप होय. ‘सवय लागेल’ या भीतीने गोळी देण्याचे टाळणारी घरेही आहेत. योग्य मात्रेत वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनाने व्यसन लागण्याचा धोका अल्प असतो, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

सत्य सांगण्याचा पेच : भारतात रोगाचे नाव प्रथम रुग्णास न सांगता त्याच्या मुलाला वा भावाला सांगण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आलेली आहे. ‘त्यांना काही सांगू नका, ते खचतील’, ही विनंती डॉक्टरांच्या ओळखीची आहे. मग घरात ‘गाठ आहे’, ‘जखम चिघळली आहे’ अशी भाषा सुरू होते. या लपवालपवीमागे प्रेमच असते, परंतु तिचे ओझे शुश्रूषा करणाऱ्यावर पडते. त्याला दिवसभर चेहरा सांभाळावा लागतो, अहवाल दडवून ठेवावे लागतात आणि रडावयाचे झाले तर गोठ्यात जावे लागते. बरेचदा रुग्णाला सारे ठाऊक असते. रुग्णालयाच्या पाटीवरचे नाव त्यालाही वाचता येते, आणि तोही घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून अज्ञानाचे सोंग करीत असतो. दोघे एकाच खोलीत एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत राहतात; शेतीची वाटणी, कर्ज, मुलीचे लग्न यांविषयी बोलावयाचे राहून जाते. रुग्णास जेवढे जाणून घ्यावयाचे आहे तेवढे त्याच्या कलाने सांगणे हितावह असते, असे आता मानले जाते. सर्वांना सर्व काही एकदम सांगावे, असा याचा अर्थ नाही. उपचार थांबविण्याचा निर्णयही असाच आप्तांवर येऊन पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय निर्देश देण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला व २०२३ साली त्याची कार्यपद्धती सोपी केली. खेड्यापर्यंत ही माहिती फारशी पोहोचलेली नाही.

शुश्रूषा करणाऱ्याचे स्वास्थ्य : निद्रानाश, पाठदुखी, भूक मंदावणे, चिंता व विषण्णता हे विकार या व्यक्तींत वारंवार आढळतात. स्वतःचा मधुमेह किंवा रक्तदाब यांची औषधे घेण्याचे त्या विसरतात अथवा पैशांअभावी टाळतात. या भाराचे मापन करणारी पहिली प्रसिद्ध प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झारिट व सहकारी यांनी १९८० साली तयार केली. ती मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या आप्तांसाठी होती व पुढे कर्करोगासह इतर आजारांत वापरली जाऊ लागली. १९९९ साली रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी वृद्ध पतिपत्नींच्या अभ्यासातून असे दाखविले की, शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या जोडीदारांत चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के अधिक होते. या आकड्याचा पुढे फार गवगवा झाला. नंतरच्या काही मोठ्या पाहण्यांत मात्र शुश्रूषा करणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा कमीच दिसला. घातक ठरते ती शुश्रूषा नसून एकट्याने, न सुटणारी, मदतीवाचून करावी लागणारी शुश्रूषा होय, असा त्याचा अर्थ लावता येतो. सेवेतून समाधान व नात्याची नवी जवळीक लाभल्याचे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. आप्तांना शिक्षण, समुपदेशन व कौशल्ये देणाऱ्या उपक्रमांच्या २९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे उपक्रम भार कमी करतात, परंतु परिणाम बेताचा असतो, असे दिसून आले. मदत निदानानंतर लगेच सुरू केल्यास ती उशिरा दिलेल्या मदतीपेक्षा विषण्णता अधिक कमी करते, असे २०१५ मधील एका अमेरिकन चाचणीत आढळले.

मदतीच्या योजना : महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत व पुढील वर्षी सर्व राज्यात सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तिच्यात कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा समावेश आहे व तिच्यामुळे असंख्य कुटुंबांचे शेत सावकाराकडे जावयाचे वाचले. संलग्न रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ व शासकीय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक हे अधिकारी मार्गदर्शन करतात. नव्या माणसाने सर्वप्रथम त्यांना गाठावे. कर्करोगामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या निराधार व्यक्तीस संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली (स्थापना १९८०) दरमहा साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. आयकरातही औषधोपचाराच्या खर्चाबद्दल वजावट आहे, पण जो आयकर भरीत नाही त्या शेतमजुरास तिचा काय उपयोग? या सर्व योजना रुग्णाच्या नावे आहेत. सोबत गेलेल्याची बुडालेली मजुरी, त्याचे जेवण व भाडे यांची भरपाई कोणतीच योजना करीत नाही.

असे करता येते याची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये १९७६ साली अपंग व आजारी माणसाची पूर्णवेळ देखभाल करणाऱ्यांना भत्ता सुरू झाला. विवाहित स्त्रियांनी ते काम करणे गृहीतच आहे, अशा समजुतीने त्यांना त्यातून वगळण्यात आले होते. ही अट १९८६ साली, न्यायालयीन लढ्यानंतर रद्द झाली. केरळ राज्यात अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची देखभाल करणाऱ्यांस ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली काही शे रुपयांचे मासिक साहाय्य देण्यात येऊ लागले. रक्कम लहान असली, तरी रुग्णाऐवजी त्याला सांभाळणाऱ्याचे नाव त्या यादीत असते ही गोष्ट मोलाची आहे. त्याच राज्यात कोझिकोडे येथे १९९३ साली सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक आठवड्यातून काही तास रुग्णाच्या घरी जातात. तेवढ्या वेळात घरच्या माणसास बाजारहाट करता येतो किंवा नुसते झोपता येते.

महाराष्ट्रात उपशामक शुश्रूषेचा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचा प्रारंभ मुंबईत झाला. या चळवळीच्या प्रवर्तक डॉ. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय १९६७ साली स्थापन केले. रुग्ण व त्याचे कुटुंब मिळून एकच घटक समजावा, हा विचार तेथे रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या व्याख्येतही कुटुंबाला आजारपणात व मृत्यूनंतर आधार देणे अंतर्भूत आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील अशा प्रकारचे पहिले सेवासदन होय. पुण्यास वारजे येथे १९९७ पासून चालणाऱ्या सिप्ला प्रतिष्ठानच्या केंद्रात रुग्णाबरोबर एक आप्त राहतो व शुश्रूषेचे शिक्षण घेऊन परततो. सेवा विनामूल्य असते. मुंबईची व्ही केअर ही संस्था १९९४ पासून रुग्ण व कुटुंबीय यांना समुपदेशन देते, तर जासकॅप या संस्थेने कर्करोगाविषयीच्या पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत आणल्या. ही सर्व केंद्रे मुंबई-पुण्यात आहेत. शासनाने २०१२ साली उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, पण जिल्ह्याजिल्ह्यांतील त्याचे काम असमान आहे. मानसिक अस्वास्थ्यासाठी ‘टेली मानस’ ही दूरध्वनिसेवा (क्रमांक १४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून तीवर मराठीत बोलता येते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे केअर केंद्रे उघडण्याची घोषणा करण्यात आली. ती हिंगोलीत प्रत्यक्षात उतरल्यास रासायनी चिकित्सेच्या दर तीन आठवड्यांच्या फेरीचे अंतर हट्टा ते जिल्ह्याचे ठिकाण एवढेच उरेल.

मृत्यूनंतर : रुग्ण दगावल्यानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते, चौदाव्या दिवशी ते रिकामे होते. ज्या व्यक्तीचा दिवस चार-चार तासांच्या गोळ्यांनी बांधलेला होता तिला काही काळ काय करावे हेच सुचत नाही. रात्री ठराविक वेळी जाग येत राहते. एखादा उपचार राहून गेला, मुंबईस आधी न्यावयास हवे होते, शेवटी पाणी मागितले ते दिले नाही, असे विचार छळतात. बहुतेकांचे दुःख कालांतराने निवते. सहा महिन्यांहून अधिक काळ ते तितकेच तीव्र राहून रोजचे व्यवहार बंद पडले, तर तो उपचारयोग्य विकार समजावा, असे रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नमूद आहे. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात न ठेवता रुग्णालयास परत कराव्यात. मृत व्यक्ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व १८ ते ५९ वर्षे वयाची असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेखाली वारसास एकरकमी २०,००० रु. मिळतात. विधवा पत्नीस संजय गांधी योजनेखाली स्वतंत्र अर्ज करता येतो. दोन्ही अर्जांना मृत्यूचा दाखला लागतो. रुग्ण घरी वारला असल्यास दाखल्यासाठीची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावयाची असते, आणि दुःखाच्या त्या दिवसांत नेमकी तीच राहून जाते.